सगुणा कमळाकर यांचं मत

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, हसू नकोस. महत्त्वाचं असेल ते लिहून द्यायचं, हे तूच शिकवलंस. शिवाय समोरासमोर बसलो तर तुझा आवाज चढेल, मला रडू येईल आणि आई स्वयंपाकघरातून विचारेल, काय झालं.

मी पदवीधर झाले तेव्हा तू अख्ख्या नावड्यात पेढे वाटलेस. एम.ए.च्या प्रबंधाला जुना कुलाबा लोकसभा मतदारसंघ घेतला तोही तुझ्यामुळेच. जिल्ह्याचा रायगड झाला तरी मतदारसंघ कुलाबाच राहिला, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं. २००८च्या पुनर्रचनेत तो पुसला गेला आणि आपलं पनवेल घाटापलीकडच्या मावळला जोडलं, तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. भातशेती गेली, खाडीत तळोज्याच्या कंपन्यांचं पाणी आलं, पण मत आपलं होतं. आता त्याचीही किंमत गेली, असं म्हणायचास. तुझं ते वाक्य मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं होतं. काल खोडलं.

मागच्या मंगळवारी शेजारच्या गिरजाबाईकडे गेले होते. तू वीस वर्षं पोलिंग एजंट होतास, तेव्हाच्या आठवणी विचारायला. ती तुझं कौतुक करत सुटली. बायांना उन्हात रांगेत उभं करायचा नाहीस, त्यांची मतं परस्पर उरकायचास, तिने स्वतः एका दिवसात तीन टाकली, शाई पपईच्या चिकाने घासून काढली. मी लिहून घेत होते. मग ती हसत म्हणाली, "अठ्ठ्यान्नवला तुज्या आयशीचं मत मीनीच टाकलं, पोरी. कमळाकरनी चिठी दिली नि बोलला, सगुना म्हनून हाक मारली का हो म्हन."

अधिकाऱ्याने एजंटांना विचारलं म्हणे, हिला ओळखता का. तू मान डोलावलीस. शेजारीण समोर उभी होती आणि ती माझी बायको आहे, असं तू सरकारी माणसाला सांगितलंस. का, तेही गिरजाबाईला ठाऊक होतं. करंजाड्याचे मामा समोरच्या उमेदवाराचं काम करत होते, आणि लग्नाला वर्षही न झालेल्या बायकोवर तुझा भरवसा नव्हता.

मला शिसारी आली, बाबा. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी ते तळटीपेत लिहून पुढे गेले असते. त्या दिवसापासून तू कुलाब्याबद्दल बोलायला लागलास की मी उठून गच्चीवर जाते. पोरीला अभ्यासाचं टेन्शन आहे, असं तू आईला सांगतोस.

रविवारी समाजमंदिरात जुना कार्यकर्ता म्हणून तुझा सत्कार आहे आणि माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण मी वाचायचं आहे. ते मी वाचणार, अठ्ठ्याण्णवसकट, तुझ्या नावासकट. तू मला घराबाहेर काढलंस तरी.

पण हे पत्र त्यासाठी नाही. आई दर निवडणुकीला साडेसहालाच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. चहाही न घेता. तू तिला हसतोस, मीही हसायचे. परवा मी तिला सहज विचारलं, एवढी घाई कशाला. ती म्हणाली की पहिल्या वेळी तुझ्या कार्यकर्त्यांच्या भाकऱ्या करता करता अकरा वाजले, लग्नातली साडी नेसून गेली तर मत झालेलं होतं. तिला वाटतं, उशिरा गेलं की मत संपतं. सत्तावीस वर्षं ती स्वतःलाच बोल लावते आहे, आणि तू ते दर निवडणुकीला बघतोस. समाजमंदिरात चारचौघांत कळण्याआधी, रविवारच्या आत, तू स्वतः तिच्यासमोर बस आणि सांग, की तिला उशीर झाला नव्हता.

अजून तरी तुझीच,
मिताली