चव्वेचाळीस लाखांत दोन अक्षरं

नवी पेठ, सोलापूर
दि. ५ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामंजींस चंद्रिकेचा शि. सा. न. वि. वि.

मला माहेरी येऊन वीस दिवस झाले. गोळ्या चालू आहेत, खोकला कमी आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ही गोष्ट यांच्या तोंडून तुम्हाला कळावी असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र. माझा भाऊ सिद्धराम ते तुमच्याच हाती देईल.

माझा क्षयाचा जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. डॉक्टर म्हणाले, औषध अर्धवट सोडलं की जंतू असा निगरगट्ट होतो. मी तर जन्मात क्षयाची गोळी घेतली नव्हती, म्हणजे तो मला आयता मिळाला. पूर्वीच्या इंजेक्शनांनी काहींचे कान जात, असंही ते म्हणाले, आणि मला तुम्ही आठवलात.

सासूबाई म्हणतात, रोग मी माहेराहून आणला. म्हणोत बापड्या. पण माझ्यापासून जपायचं म्हणून हेमाला तिकडे ठेवून घेतलंय आणि चार वर्षांची माझी लेक झोपते तुमच्या कुशीत. तुमचा तो अडतीच्या दुकानातल्या तुरीच्या धुळीचा खोकला मला आता धुळीचा वाटत नाही. तुम्ही मला वकिलीणबाई म्हणता ना, मग सरळ विचारते, औषध घेतलं होतंत का? आणि का सोडलंत?

लोभ आहेच, आज त्याहून उत्तर हवं आहे. ते घेतल्याशिवाय सिद्धराम उठणार नाही.

आपली,
चंद्रिका

दुधनी
दि. ६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चंद्रिकेस अनेक आशीर्वाद.

सिद्धरामाने चहासुद्धा घेतला नाही. तुझाच भाऊ शोभतो.

व्हय, घेतलं होतं. दहा वर्षांपूर्वी, अडतीच्या कामाला जातो असं घरी सांगून सोलापुरात. दोन महिने सुया, मग गोळ्या. तिसऱ्या महिन्यात छाती मोकळी झाली, तुरीचा हंगाम आला, आणि आमच्या वैजयंतीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली. क्षयाच्या घरातली मुलगी कोणी केली असती? उरलेल्या गोळ्या नाल्यात टाकल्या. कान वयाने गेले म्हणून सांगितलं. माझी लेक जपली आणि दुसऱ्याच्या लेकीला दुखणं दिलं. मला लाज वाटते.

हेमाला आजच तिच्या बापाच्या, बसवेशच्या खोलीत हलवलं. उद्या मी, बसवेश आणि हेमा तपासणीला येतो. तुझ्या सासूला, काशम्माला सांगायचं धाडस मात्र अजून होत नाही.

जमेल तेवढा राग धर, पण औषध सोडू नकोस.

तुझा,
धोंडप्पा

नवी पेठ, सोलापूर
दि. १२ जानेवारी २०२६

ती. स्व. मामंजींस शि. सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेचा कागद आला. क्षय म्हणजे सगळा एकच असं मला वाटायचं, पण जंतूंचीही वेगवेगळी कुळं असतात म्हणे. त्यांची जनुकं अक्षर-अक्षर वाचतात, चव्वेचाळीस लाख अक्षरं. माझ्याबरोबर औषधाला येणाऱ्या मथुराबाईंच्या जंतूत आणि माझ्या जंतूत हजारावर अक्षरांचा फरक आहे. तुमच्या-माझ्यात फक्त दोन. औषधाला न जुमानणारा बदलही दोघांत त्याच जागी. कोणी कोणाला दिला ते कागद सांगत नाही, पण औषध आधी तुम्ही घेतलं होतं. माझ्या माहेरी सगळ्यांच्या तपासण्या स्वच्छ आहेत.

हे भांडायला लिहीत नाही. आता सुया नाहीत, सहा महिने गोळ्याच आहेत, आणि त्या तुम्ही पुऱ्या करायच्या. मळमळतं, मलाही मळमळतं. एक जरी चुकवलीत तर अडतीच्या पायरीवर येऊन बसेन.

माझा बेडका दोनदा स्वच्छ आला. हेमाही निरोगी आहे. मला माझी लेक हवी. सासूबाई अजून म्हणतात, रोगट बाईकडे पोर धाडणार नाही. त्यांना तुम्हीच सांगायचं. कागदाची प्रत सोबत आहे.

आशीर्वाद असू द्यावा, आणि तो लवकर पोचावा.

आपली,
चंद्रिका

दुधनी
दि. १६ जानेवारी २०२६

चि. सौ. चंद्रिकेस अनेक आशीर्वाद.

नुसतं घरात सांगितलं असतं तर ते घरातच दाबलं गेलं असतं. म्हणून काशम्माला अडतीवर बोलावलं आणि हमाल, शेतकरी, वैजयंतीचे सासरे सिद्धलिंगप्पा, सगळ्यांदेखत सांगितलं की रोग सुनेने आणला नाही, औषध अर्धवट सोडून मीच तिला दिला. सिद्धलिंगप्पा तडक उठून निघून गेले. वैजयंतीला काही ऐकावं लागलं तर मी तिथेही जाऊन हेच सांगेन. दोन हमालांनी मात्र दवाखान्याचा पत्ता मागून घेतला.

काशम्मा आज सकाळी माझ्यासमोर बसून बोलली. मला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचले, “आमी पोरीला लई बोललो की.” मग हेमाची पेटी भरायला घेतली. दोन जोड पुरेत म्हटलं, तर तिने सगळे कपडे भरले आणि वर स्वतःचं एक लुगडं ठेवलं.

रविवारी ती हेमाला घेऊन येते आहे. तू ठेवून घेतलंस तर चार दिवस राहील. तुझी ताट-वाटी वेगळी काढणारी तीच. आता म्हणते, तिच्याच हातचं जेवीन.

तिला दारातून परतवू नकोस, एवढा लोभ मागतो.

तुझा,
धोंडप्पा