यंदाची झडती

केनवड

प्रिय देवमन,

पत्र पाहून घाबरू नकोस. तुझा फोन आला की मी तो तुझ्या वहिनीच्या हातात देतो, म्हणून तू फुगून बसलास असं कळलं. अरे, जीभच शब्द उचलत नाही. तुझं ऐकून घ्यायचं आणि उलटून काही बोलायचं नाही, हे मला आजवर कधी जमलंय का? म्हणून हे लिहिणं.

जिभेचं दुखणं परत आलंय. मागच्या वेळी कडेचा तुकडा काढून किरणांचा शेक दिला होता, तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. आता मुळाशी गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल, तिथे मांडीचं मांस लावतील. पुन्हा शेक द्यायचा की नाही, ते नंतर ठरेल. एकदा शेकलेल्या जागेला फार जपावं लागतं म्हणे. खाणंपिणं हळूहळू जमेल, बोलणं मात्र पहिल्यासारखं होणार नाही.

खरं सांगतो, मी डॉक्टरांना नाही म्हणून उठून आलो होतो. पोळ्याला आखराच्या मैदानात तोरणाखाली बैलं उभी राहिली, की एका बाजूनं मी यमक जुळवून चिमटा काढणारी झडती म्हणायची आणि समोरून तू ती परतवायची, मग सगळ्या गावानं ‘हर बोला’चा गजर करायचा. तू बैलं विकून मालेगावात दुकान थाटलंस, तरी झडतीसाठी दर पोळ्याला आलास. गेल्या वर्षी मी तुझ्या पोटावर झडती टाकली, तेव्हा तुला उत्तर सुचलं नव्हतं. मी अजून त्याच खुशीत आहे. ही जीभ गेली तर मी तिथे कशाला उभा राहू, असं वाटायचं.

चार दिवसांनी तुझी वहिनी बैलांना पाणी दाखवत होती. तेव्हा म्हणाली, "झडती कोनीबी म्हनंल. घरात तुमी पायजे मले." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना होकार कळवला.

मंगळवारी नागपूरला भरती व्हायचंय. तू सोबत ये. इंद्रभान भ्यालाय म्हणून चाललो, असं खुशाल सगळ्यांना सांग, कारण मी खरंच भ्यालो आहे. पण बोलावण्याचं कारण वेगळं आहे. मागे तुझ्याकडे जेवलो, तेव्हा तू ठेच्याला हात लावला नाहीस, वरणभात कालवून गिळलास आणि चहा निववून प्यालास. जांभई दिलीस तेव्हा तुझ्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. माझंही असंच सुरू झालं होतं, आणि मीही तंबाखूचा खर्रा घोटत चुना लागला असेल म्हणत होतो. तुझं काही नसेलही, पण माझ्यासोबत तिथेच तोंड दाखव आणि ती खर्ऱ्याची पन्नी घरीच ठेवून ये. यंदा माझ्या बाजूची झडतीही तुलाच म्हणायची आहे. मी कासरा धरून उभा राहीन, चुकलास तर हात वर करीन. आपल्या दोघांत आता एकच तोंड उरलंय, देवमन, ते मला शाबूत हवंय.

तुझाच, आणि अजून तुला हरवायच्या तयारीत असलेला,
इंद्रभान