बाबांचा होकार

ता. ४ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या भाचीने माझ्या जिवाला घोर लावला आहे. अभ्यासात लक्ष नाही, जेवण निम्म्यावर आलेलं. परीक्षेची धास्ती, दुसरं काय! तरी दवाखान्यात नेलं. तिथे छापील कागद भरायचा होता. न दिसणारं कोणी बोलतं का, या प्रश्नापुढे आमच्या लेकीने, बाईसाहेबांनी, ‘होय’ लिहिलं. आपल्या शिवणाच्या दुकानात कापडाला कात्री लावण्याआधी देवाघरी गेलेल्या बाबांना विचारून क्षणभर थांबतात, हे त्या डॉक्टरांना कोण सांगणार? त्यांचा होकार मलाही ऐकू येतो, तुलाही यायचा. डॉक्टरांनी आमचे कपडे पाहिले, बोली ऐकली आणि पुढे एक अक्षर न विचारता डोक्याच्या गोळ्या लिहून दिल्या. तू नर्स आहेस. देऊ की नको, लगेच कळव.

तुझी ताई

ता. ११ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग संतापले. सुतावरून स्वर्ग गाठला की त्यांनी! आमच्याकडेही असंच चालतं. साहेबी घरातल्याला तासभर विचारतात, आपल्यासारख्याला कागद पुरतो. घरचा रिवाज म्हणजे आजार नव्हे. गोळ्या कपाटात ठेव आणि लेकीला चार घास जास्त वाढ. बाबांना माझा नमस्कार सांग, होकार आला तर कळव!

माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

ता. २९ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

परवा लेकीने बाबांना न विचारताच कापड कापलं. मी रागावले. तेव्हा म्हणाली, आजोबा कधीपासून ऐकूच येत नाहीत. दुसराच कोणी इतका ओरडतो. तो सांगतो, आईने वाढलेल्या जेवणात विष आहे. कागदावरचं ‘होय’ त्याच्यासाठी होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणून मी बोटं मोडली. मी तरी कुठे विचारलं होतं? तूही नाहीस. फार लाज वाटते गं.

लगेच दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तासभर बसवून आजोबांचा आवाज कोणता, हा कोणता, सगळं विचारून घेतलं आणि गोळ्या सुरू केल्या. वेळ लागेल म्हणाल्या.

आज जेवायला वाढलं तर तिने ताट माझ्याकडे सरकवलं. मी तिच्या ताटातला पहिला घास खाल्ला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने दुसरा घेतला. आता रोज असंच जेवू.

पत्र नको लिहूस, तूच ये.

तुझी ताई