पुण्याच्या वर्गाला तुम्ही मला पाठवलंत

भाऊसाहेब, आज दुपारी कॉलेजवरून गेले. प्रवेश सुरू आहेत, खिडकीपाशी गर्दी होती. मी आत गेले नाही. निवृत्त माणूस ऑफिसात आला की सगळ्यांना उठून उभं राहावं लागतं. पण घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे, म्हणून लिहायला बसले.

नंदुरबारला कॉलेज नुकतंच निघालं होतं, तुम्ही हेडक्लार्क होतात आणि दाखल्याचं व फी-सवलतीचं काम नव्याने माझ्याकडे आलं होतं. ऑफिसातली एकटी बाई मी. शनिवारी अर्धा दिवस भरला की तुम्ही दार लोटून घ्यायचात आणि आम्हा कारकुनांची शिकवणी सुरू व्हायची. शिकवणी म्हणजे नाटकच. तुम्ही टोपी काढून खिशात घालता, खांदे पाडता आणि माझ्या टेबलासमोर उकिडवे बसता. आता तुम्ही धडगावकडून उतरलेले बाप आहात. मुलाला सवलत हवी आहे, मराठी धड येत नाही. मी विचारते, "वार्षिक उत्पन्न किती?" तुम्ही गप्प. मी पुन्हा विचारते, जरा मोठ्याने. तुम्ही पायाच्या अंगठ्याकडे बघत राहता. बाकीचे कारकून हसतात, मलाही हसू येतं, आणि तुम्ही ताडकन उठता. "पोलीस आहेस का तू? घाट उतरून आलाय तो, आणि तू ओरडतेस! उत्पन्न हा शब्द त्याने कधी ऐकला असेल? शेत केवढं ते विचार. यंदा काय पिकलं, मजुरीला कुठे गेला होता, ते विचार. उत्पन्न तू काढ. पगार तुला त्याचाच आहे." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. सोमवारी तुम्ही काही झालंच नाही असे वागलात, आणि पुढच्या शनिवारी तापीकाठचे बागाईतदार होऊन आलात. मुलीला कॉलेजात कशाला घालू म्हणून माझ्याशी इतके भांडलात, की शिपाई धावत बघायला आला. तुम्हाला त्या नाटकाची मनापासून हौस होती, हे आता म्हणायला हरकत नाही.

मग सरकारचं पत्र आलं. शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचं काम करणाऱ्यांसाठी पुण्याला प्रशिक्षणवर्ग, कॉलेजातून एकजण. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तुम्हीच जाणार. तुम्ही माझं नाव दिलंत. संस्थेच्या मंडळींना ते रुचलं नाही, आणि माझ्या आईला तर मुळीच नाही. तुम्ही घरी आलात तो प्रसंग माझ्यापुढे अजून तसाच आहे. आई चुलीशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापते आहे, तुम्ही उंबऱ्याजवळ पाटावर बसला आहात, आणि ऑफिसात शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे तुम्ही तिच्याशी अहिराणीत बोलता आहात. आई मान वर न करता म्हणते, "एकली पोर पुनाले कशी जाई? लोके काय म्हनतीन?" तुम्ही म्हणता, "म्हनू दे, बहीन. शिकीसन उनी म्हंजे तेच लोके पोरेस्ना दाखलाकरता इले इचारतीन." शिकून आल्यावर तेच लोक मला विचारायला येतील हे ऐकून आईने तव्यावरची भाकर काढून तुमच्या पुढ्यात ठेवली. होकार एवढाच. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमचा अंथरुणाचा होल्डॉल आणून दिलात. पट्टा नवा लावून घेतला होतात, आणि वहिनींनी आत ज्वारीच्या बिबड्यांचं, पापडांचं पुडकं कोंबलं होतं.

पुण्यात पहिले दिवस मी कोणाशी बोलले नाही. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत होती, माझ्या शब्दांना गावाकडचा हेल होता. एकदा वर्ग घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, गरिबीचा पुरावा नसलेल्या पालकाला तुम्ही काय म्हणता? एकजण म्हणाला, पुरावा घेऊन या म्हणतो. मी कधी उभी राहिले कळलंच नाही. शेत, पीक, मजुरी, सगळं सांगितलं. अंगठ्याकडे बघणारा बापही करून दाखवला. साहेबांनी ते पुन्हा करायला लावलं. आणि शेवटच्या दिवशी त्यांनी सहज सांगितलं, की पुढे कॉलेजांत कार्यालय अधीक्षकाची जागा होईल, तिथे हा वर्ग केलेल्याचा विचार आधी होईल.

परतीच्या एसटीत धुळ्यापासून तेवढंच डोक्यात होतं. ऑफिसात पाऊल टाकताच मी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं," तुम्ही म्हणालात.

"मग तुम्ही का नाही गेलात? ती जागा तुमची आहे."

तुम्ही चष्मा पुसत राहिलात. "माझी नोकरी आता थोडी उरली. तुझी सगळी पडली आहे." मग आवाज उतरवून म्हणालात, "आणि खरं सांगू? तिथे इंग्रजीत बोलतात म्हणे. या वयात पोराटोरांमध्ये बसून काही कळलं नसतं, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. भीती वाटली मला." त्यातलं पहिलं कारण किती आणि दुसरं किती, हे मी पुष्कळ वर्षं चाचपत राहिले. आता वाटतं, दोन्ही खरी असावीत. लोकांच्या भीतीची इतकी पारख असलेल्या माणसाला स्वतःची नसेल कशी?

जागा झाली तेव्हा तुम्ही अजून नोकरीत होतात. संस्थेने मला नेमलं. तुम्ही हेडक्लार्कच राहिलात आणि सगळ्यांदेखत मला "मॅडम" म्हणू लागलात. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाहीत. वर्षभराने निवृत्त झालात, आणि मग फार दिवस राहिला नाहीत. तुम्ही गेल्यावर वहिनी म्हणाल्या, संध्याकाळी फिरायला निघालात की कॉलेजवरूनच जायचात, पण आत कधी वळायचा नाहीत. मी कधी हाक मारली नाही. कामात असायचे, खिडकीबाहेर बघणं व्हायचं नाही.

हे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. नेमणूक झाली त्या दिवशी मी तुमच्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, मला ती जागा नको होती. तुम्ही मान डोलावलीत. भाऊसाहेब, मला ती हवी होती. धुळ्याला एसटी बदलली तेव्हापासून हवी होती.