बी साइडची शेवटची चार मिनिटं

बाबा,

मंगळवार, १४ मे. सकाळी दळण आणलं, दुपारी वरणभात खाल्ला. फोन कोणाचा आला नाही. एक वाजल्यापासून संगणकापुढे बसले होते. आता साडेपाच झालेत.

संगणक माझ्या भाच्याचा जुना. दिवाळीत आला तेव्हा त्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि तुमच्या अकरा कॅसेट त्यात उतरवल्या. त्या ऐकायला एक प्लेअर आहे, नारिंगी शंकूचं चित्र असलेला. सगळं फुकट. फुकट कसं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मावशी, जगभरातले लोक मिळून बनवतात आणि वाटून टाकतात." तुम्ही असता तर म्हणाला असता, "फुकट कोण देते वं? पाहून घे, आतून काही निघते का." मीही महिनाभर संशयानेच वापरला. पण चांगला आहे. आवाज शंभराच्या पुढे नेता येतो, वेग कमी करता येतो, एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकता येतो. आपण कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिरवत बसायचो, ते आता एका बोटाने होतं.

उतरवताना भाच्याने विचारलं होतं, "यात आजोबांचा आवाज कुठे आहे?" कुठेच नाही, असं मी सांगितलं. त्याला नवल वाटलं. त्याला काय माहीत. तुमचं दुकान लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं, पण लग्नाला, बारशाला लोक रेकॉर्डिंगसाठीही बोलवत. गिऱ्हाइकाला नक्कल द्यायची आणि मूळ टेप आपल्याकडे ठेवायची, ही तुमची एक रीत. दुसरी म्हणजे टेप फिरत असताना आपण मुकं राहायचं. बोट वर केलं की माइक उचलायचा, मूठ दाखवली की थांबायचं. खोकला आला तर बाहेर जायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कॉलेज सुटलं की तुमच्यासोबत वायरी धरायला यायची.

गांधीबागेतलं त्या कापड व्यापाऱ्याचं घर अजून दिसतं. त्यांची म्हातारी आई गादीवर बसून हळदीचं गाणं म्हणतेय, डोळे मिटून. टेप संपत आलीय आणि तुमचं लक्ष नाही. मी बोलते, "बाबा, टेप संपून राहिली." म्हातारी थांबते. दुसरी टेप लावून तिला पुन्हा म्हणायला सांगतात, तर तिला पुढचं आठवत नाही. तिथे तुम्ही हसून वेळ मारून नेलीत. पण बाहेर सायकलला सामान बांधताना, त्या सगळ्या घरच्यांसमोर म्हणालात, "तुह्या तोंडाले कुलूप नाही का वं? लोकाच्या टेपमंदी आपला आवाज म्हंजे लोकाच्या फोटोत आपलं नाक." सगळे हसले. तुम्हीही हसलात.

मी कुलूप लावलं. टेपपुरतं नाही, घरातही. 'वाढलंय', 'वायर तुटलीय', एवढंच बोलायचं. तुम्ही दोनतीनदा विचारलंत, "काहून चूप बसून राहिली वं?" मी 'काही नाही' म्हणाले. असं दीड वर्ष चाललं. मग एका सकाळी दुकान उघडताना तुम्ही खाली कोसळलात ते उठला नाहीत. मला वाटत होतं, कधीतरी आपोआप बोलणं सुरू होईल.

तुमचे शब्द मला अजून आठवतात, आवाज आठवत नाही. तुमची वाक्यं मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. म्हणून दुपारी या टेपा लावते. मागे कुठे तुमची चप्पल वाजते का, खुर्ची सरकवलेली ऐकू येते का, ते बघते.

आज रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडचं बारसं लावलं होतं. बी साइडला पाळणा म्हणून झाला की मी बंद करते, कारण पुढे नुसती बायकांची आणि भांड्यांची गडबड. आज भांडी घासायला उठले आणि ते चालूच राहिलं. एक बाई विचारत होती, "तुमची मुलगी बोलत का नाही हो? मुकी आहे का?" मग एका पुरुषाचा आवाज, जड, थोडा नाकातला. हात पुसून आले. मागे नेलं, आवाज दीडशेवर नेला, वेग अर्धा केला.

"नाही जी, मुकी कायची? मीच रागावलो होतो तिले. घरी लई बोलते. डोकं उठवते माह्यं."

बाई हसते. कप ठेवल्याचा आवाज येतो आणि टेप संपते. बटण दाबायला तुम्ही विसरला होतात.

तेव्हा घरात मी सहा महिने धड बोललेले नव्हते. परक्या बाईला तुम्ही खोटं सांगितलंत. नक्कल करताना हे तुम्ही ऐकलं असणारच. गिऱ्हाइकाला पाळण्यापर्यंतच दिलं असेल. पण मूळ टेप पुसली नाहीत. एरवी तुम्ही खोकलासुद्धा पुसायचात.

भाच्याला फोन करावा असं वाटलं. केला नाही. कारण ही चार मिनिटं त्याने दिवाळीतच मला ऐकवली होती. "मावशी, हे कोण बोलतंय?" म्हणाला. मी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, असेल कोणी पाहुणा, कापून टाक. तो विसरला म्हणून राहिली.

आणि आजही मी तुमचा आवाज ओळखला नाही, बाबा. 'मीच रागावलो होतो तिले' हे ऐकलं तेव्हा कळलं, कोण ते. नंतर साध्या वेगाने सात-आठ वेळा लावून पाहिलं. अजून परकाच वाटतो. उद्या पुन्हा लावेन.

कूलर खडखडायला लागलाय, पाणी संपलेलं दिसतं. उठून नळी लावते.