मसुद्यात दोष नाही

४ जून

भाचीचा निकाल लागला. कॉलेजात पहिली. रसायनशास्त्रात तर तिच्या आसपास कोणी नाही. पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावच्या मोठ्या विद्यापीठात जागाही मिळाली. निम्मी फी विद्यापीठ माफ करणार. उरलेली निम्मी बाहेरच्या स्कॉलरशिपमधून उभी करायची. ऑगस्टअखेर भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि ही इथे ताईच्या लॉन्ड्रीत काउंटरवर बसणार.

ताईला म्हटलं, निर्धास्त राहा. मुलगी हुशार आहे आणि अर्ज मी लिहिणार आहे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींना उत्तरं लिहिण्यात माझी हयात गेली. माझ्या एकाही पत्राने कार्यालय अडचणीत आलेलं नाही.

ताईने इस्त्री उभी केली आणि विचारलं, त्या पत्रांनी कोणाच्या नळाला पाणी आलं का कधी.

विषय वेगळा आहे.

६ जून

शिष्यवृत्त्यांची माहिती जमवली. दोन ढीग केले: मोठ्या आणि किरकोळ. किरकोळमध्ये लॉन्ड्रीचालकांचा संघ, एका वाचनालयाचा निधी, कोणा निवृत्त मास्तरांच्या नावचा ट्रस्ट. पहिल्या आलेल्या मुलीने एवढ्याशा रकमेसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं? ढीग रद्दीत टाकला. मोठ्या पाच ठेवल्या.

समोरच्या कंपाउंडरची मुलगी आली होती. भाचीची वर्गमैत्रीण. काठावर फर्स्ट क्लास. तिने विचारलं, काका, हे रद्दीतले कागद नेऊ का. म्हटलं, खुशाल ने. ज्याची त्याची झेप.

संकल्प: सर्व अर्ज मुदतीच्या पंधरा दिवस आधी रवाना.

९ जून

भाचीने स्वतःच एक मसुदा लिहून आणला. उत्साह वाखाणण्यासारखा. सुरुवात अशी: 'आमच्या लॉन्ड्रीत येणारा प्रत्येक डाग वेगळा असतो. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की पक्का होतो, हे मला पुस्तकाच्या आधी एका शर्टाने शिकवलं. त्या शर्टाचे पैसे भरून देताना आईने मला कारण शोधायला लावलं.'

डाग, रक्त, नुकसानभरपाई. पहिल्या तीन वाक्यांत तीन गोष्टी कार्यालयाच्या, म्हणजे अर्जदाराच्या, अंगावर येणाऱ्या. लाल पेनाने काढल्या. तिला समजावलं की 'डाग' हा शब्द अर्जात नको. वाचणाऱ्याच्या मनात नको ते येतं.

ती म्हणाली, पण मामा, मी रसायनशास्त्राकडे वळले ती त्यामुळेच. म्हटलं, असेल. पण कारण लेखी देऊ नये. लेखी कारण उलट विचारता येतं.

१२ जून

मसुदा सिद्ध झाला. 'अर्जदार विद्यार्थिनीची शैक्षणिक कारकीर्द सातत्याने समाधानकारक असून सोबत जोडलेल्या गुणपत्रिकांवरून त्याची खातरजमा होऊ शकते.' तिथून पुढे दीड पान. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. व्यवसायाच्या रकान्यात भाचीने 'आई लॉन्ड्री चालवते' लिहिलं होतं. तिथे 'कुटुंब वस्त्रव्यवसायात' केलं. खोटं नाही, आणि भारदस्त.

ऑफिसात टायपिस्ट बाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, सुरेख, मुख्य जलवाहिनी फुटली होती तेव्हाच्या पत्रासारखाच. त्या पत्राचा विषय लोक अजून काढतात.

भाचीने शांतपणे वाचला. मग म्हणाली, "मामा, यात मी कुठे आहे?"

दाखवलं. पहिल्या ओळीत. अर्जदार म्हणजे तूच.

१५ जून

पाच संस्थांचे पाच वेगळे प्रश्न. एकीला अपयशाबद्दल ऐकायचंय, एकीला समाजासाठी काय केलं ते हवंय, एकीला दहा वर्षांनी कुठे असाल ते. विचार केला. प्रश्न वेगळे असले तरी मुलगी एकच आहे. पाचही ठिकाणी तोच मसुदा.

अपयशाच्या प्रश्नाखाली एक ओळ वाढवली: 'निरंक.'

१९ जून

शिफारसपत्रं. भाचीचं म्हणणं, रसायनशास्त्राच्या बाईंना विचारू. त्यांनी तिला तीन वर्षं प्रयोगशाळेत पाहिलंय, त्या आनंदाने देतील. पण बाई साध्या अधिव्याख्यात्या. शिक्काही त्यांचा स्वतःचा नाही. मी आमच्या माजी अधीक्षकसाहेबांना गाठायचं ठरवलं. लेटरहेडवर त्यांची हुद्द्यांची रांगच आहे.

भाची म्हणाली, साहेबांनी मला पाहिलेलं नाही. म्हटलं, मला पाहिलंय.

२८ जून

साहेब आज भेटले. त्याआधी दोनदा गेलो तेव्हा झोपले होते, एकदा नुकतेच उठले होते. तो उपद्रव बरा नव्हे म्हणून परतलो. पंधरा दिवस आधीचा संकल्प आठ दिवसांवर आणला. आठ दिवसही पुष्कळ.

३ जुलै

शिफारसपत्र हाती आलं. दोन पानं. 'अर्जदाराच्या मामांना मी वीस वर्षं ओळखतो. वेळेचे पक्के, अक्षर वळणदार, वरिष्ठांशी वागणूक नम्र. त्यांच्या मसुद्यात दोष काढणं मला कधी जमलं नाही. अशा घरातली मुलगी नक्कीच योग्य असणार.'

वाचताना डोळे भरून आले. सहा प्रती काढल्या. एक घरी ठेवली.

९ जुलै

चार अर्ज रवाना. पाचवा राहिला. त्या संस्थेने फॉर्म कम्प्युटरवरच भरायला सांगितला होता. मी समास आखून पोस्टाने पाठवणार होतो, म्हणून त्यांना पत्र लिहून विचारलं की समास आखलेला चालेल का. उत्तर येईपर्यंत मुदत संपली. चूक त्यांची. नोंद करून ठेवली.

कंपाउंडरची मुलगी आणि भाची हल्ली संध्याकाळी काउंटरमागे बसून काहीबाही लिहीत असतात. गिऱ्हाईक आलं की भाची उठते, पावती फाडते, परत बसते. विचारलं, काय चाललंय. म्हणाली, हिला मदत करतेय. चांगलं आहे. दुबळ्यांना हात द्यावा.

त्या मुलीला म्हणे वाचनालयाचा निधी मिळाला. किरकोळ.

२२ जुलै

पहिला नकार. 'आपल्या अर्जाची काळजीपूर्वक छाननी करण्यात आली. तथापि, प्राप्त झालेल्या मोठ्या संख्येतील उत्कृष्ट अर्जांमुळे खेद वाटतो.' कारण दिलेलं नाही. वाद घालायला धागाच ठेवलेला नाही. लिहिणारा जाणकार दिसतो. पत्र ऑफिसात नेऊन टायपिस्ट बाईंना नमुना म्हणून दाखवलं.

ताईला सकाळी दाखवला तेव्हा तो नमुना आवडला नव्हता. तिने विचारलं, सगळेच पहिले आलेले असतील तर ते निवडतात कसे. उत्तर देणार होतो, पण ऑफिसला उशीर होत होता.

२९ जुलै

दुसरा नकार. मायना ढिसाळ. 'विद्यार्थिनीविषयी आम्हाला काहीच कळू शकलं नाही' असं चक्क लिहिलंय. असं कोणी लेखी देतं का? उद्या मी खुलासा मागवला तर?

मागवला नाही. औदार्य.

५ ऑगस्ट

तिसरा. हा मनाला लागला. 'आपलं कुटुंब वस्त्रव्यवसायात असल्याने गरजूंसाठी असलेल्या या निधीतून साहाय्य देणं शक्य नाही. आपल्या उद्योगास शुभेच्छा.'

ताईने पत्र वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाठीमागच्या शेल्फाकडे. तिथे लोकांच्या चादरी रचल्या होत्या. मग म्हणाली, एवढा मोठा उद्योग आहे आपला, आणि बॉयलरची गळती मी चिंध्या बांधून थांबवते.

भाची हसली. मला वाटलं रडेल. मग मीही हसलो, पण मला उशीर झाला.

रात्री जेवण गेलं नाही. तब्येत.

६ ऑगस्ट

चौथी संस्था अजून बाकी. सगळी भिस्त तिच्यावर. साहेबांच्या हस्ताक्षरात पुन्हा एक पत्र जोडावं का याचा विचार चालू आहे.

१४ ऑगस्ट

चौथीकडून कार्ड. खेद. कार्डाचा कागद जाड होता.

 इथल्या कॉलेजचा फॉर्म आणून ठेवलाय ताईने, पाहिला मी. शिलाई मशीनच्या झाकणावर.

संकल्प: पुढच्या वर्षी मे महिन्यातच सुरुवात.

१७ ऑगस्ट

अद्भुत. भाचीला स्कॉलरशिप मिळाली. मास्तरांच्या ट्रस्टची. वर लॉन्ड्रीचालकांच्या संघाचीही. दोन्ही मिळून फी भरून थोडं उरतं. ताई काउंटरवरच बसली आणि पदराने चष्मा पुसत राहिली. पुसून झाला तरी.

अर्ज कधी केला, कोणी लिहिला, काही कळेना. मग कळलं. तो रद्दीतला ढीग दोघींनी वाटून घेतला होता. प्रत्येक ठिकाणी नवं लिहिलं. शिफारस रसायनशास्त्राच्या बाईंची.

म्हणजे पाया माझ्याच मसुद्याचा असणार. तालीम झाली तिची.

रविवारी ट्रस्टचा कार्यक्रम. निवडलेला निबंध वाचून दाखवतात. पालकांना दोन शब्द बोलायला सांगतात म्हणे. दोन शब्द तयार केले. तीन पानं झाली.

२१ ऑगस्ट

कार्यक्रम झाला.

हॉल लहान. मी पुढच्या रांगेत, भाषण आतल्या खिशात. ट्रस्टच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, यंदा प्रश्न होता 'तुमच्या वाटेतला अडथळा कोणता, आणि तो तुम्ही कसा ओलांडलात?' बहुतेकांनी गरिबी लिहिली, आजारपण लिहिलं. एका मुलीने वेगळंच लिहिलं.

मग वाचायला लागल्या. एका माणसाविषयी होतं. तो प्रत्येक वाक्य इतकं धुतो की त्यातला माणूसच निघून जातो. अपयशाच्या रकान्यात निरंक लिहितो. नकाराची पत्रं आली की त्यांच्या भाषेला मार्क देतो. हॉलमध्ये हशा. मीही हसलो. असे लोक असतात. आमच्या ऑफिसात एकदोन आहेत. शेजारच्या गृहस्थांना तसं सांगितलंही.

पुढे आलं, 'डाग हा शब्द अर्जात नको.'

शेजारचे गृहस्थ हसून माझ्याकडे वळले. मी भाषणाचे कागद चाचपत होतो.

पुढचं नीट ऐकू आलं नाही. पंखा होता. एवढं आठवतं: 'तो हे सगळं माझ्यासाठी करतो. ज्या पत्रात काही मागितलेलंच नाही ते कोणाला नाकारता येत नाही, असं त्याला वाटतं. माझा अडथळा तोच, आणि अर्ज करावा हे मला पहिल्यांदा सांगणाराही तोच. मी त्याला ओलांडलं नाही. त्याची लाल पेनं लपवली.'

पेनं मला सापडत नव्हती, हे खरं आहे.

दोन शब्द ताई बोलली. दोनच.

२९ ऑगस्ट

फी भरली. भाची आज गेली. ट्रंक मी उचलून दिली. खिडकीतून म्हणाली, मामा, पत्र लिहा, पण कच्चंच पाठवा. म्हटलं, बघू.

३ सप्टेंबर

बराच विचार केला. राग नाही. परंतु गोष्ट रेकॉर्डवर आहे, तेव्हा आपली बाजूही रेकॉर्डवर हवी. ट्रस्टला पत्र लिहायला घेतलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर निबंधात उल्लेखिलेल्या व्यक्तीसंदर्भात वस्तुस्थिती योग्य त्या परिप्रेक्ष्यात विचारात घेतली जावी.' दोन पानं. तीन वेळा हात फिरवला. निर्दोष झालं.

ताईला वाचायला दिलं. ती काउंटरवर होती. गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर उजेडात धरून पाहत होती. शर्ट खाली ठेवला, हात पुसले, दोन्ही पानं सावकाश वाचली. परत पहिल्या पानावर गेली.

"यात तुला हवंय तरी काय?"

म्हटलं, आहे त्यात. घेऊन वर आलो. सुरुवातीपासून वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने.

सापडलं नाही.