एसीचा रिमोट आणि माझं समेट केंद्र

४ ऑगस्ट, सकाळी
आजपासून रोजनिशी. थोर माणसांच्या मागे रोजनिशी उरते आणि मग लोकांना कळतं की हा माणूस आतूनही थोर होता. माझ्या बाबतीत पुराव्याअभावी गैरसमज नको.

मुख्य बातमी: कुलगुरूंनी मला विद्यापीठाच्या नव्या समेट केंद्राचा समन्वयक नेमलं. तूर्त एका सत्रापुरतं. दोन दिवसांची कार्यशाळा करून आलोय. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं. तत्त्व सोपं आहे. भांडण झालं की चौकशी नको, मेमो नको, शिक्षा नको. सगळ्यांनी गोल बसायचं, म्हणजे सर्कल. प्रश्न तीनच. काय घडलं? कुणाला काय त्रास झाला? काय केलं म्हणजे तो भरून निघेल? एक वस्तू हातोहात फिरवायची. वस्तू ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

हा शेवटचा नियम ऐकून मला अक्षरशः भरून आलं. इतकी वर्षं लोकप्रशासन शिकवतोय, पण वर्गात, विभागात, घरात, कुठेही मला वाक्य पुरं करू दिल्याचं आठवत नाही.

सत्राअखेर कुलगुरू स्वतः एक सर्कल बघायला येणार. जमलं तर केंद्र कायम आणि दुसऱ्या मजल्यावरची खिडकीवाली खोली माझी. सध्या जिन्याखाली बसतो, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. लोक येऊन माझ्यापुढे कागद धरतात आणि दोन्ही बाजूंनी काढा म्हणतात.

संकल्प: कमी बोलणे, जास्त ऐकणे. पहाटे फिरायला जाणे.

५ ऑगस्ट
फिरायला गेलो नाही. रात्री हिला कमी बोलण्याचं महत्त्व तासभर समजावत बसल्याने जागरण झालं. ही फार शांतपणे ऐकत होती. नंतर घोरायला लागली.

९ ऑगस्ट
केंद्राकडे अजून एकही भांडण नाही. एवढं मोठं विद्यापीठ आणि भांडणाचा दुष्काळ! कुणाचं कुणाशी पटत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, पण पुढे कुणी येत नाही. समाज अजून तयार नाही.

११ ऑगस्ट
मिळालं! स्टाफरूमचा एसी. बॉटनीच्या मॅडमना थंडी वाजते, स्टॅटिस्टिक्सच्या सरांना उकडतं. मॅडम अठ्ठावीसवर नेतात, सर अठरावर आणतात. शेवटी मॅडमनी रिमोट पर्समध्ये टाकला आणि सरांनी त्याआधीच त्यातले सेल काढून खिशात घातले होते. आता रिमोट एकीकडे, सेल दुसरीकडे, आणि दोघांत विस्तव जात नाही. कित्येक वर्षांचा अबोला. इतकं सुंदर भांडण माझ्या वाट्याला यावं!

१८ ऑगस्ट, संध्याकाळी
पहिलं सर्कल. मॅडम, सर, मी आणि समाजाचे प्रतिनिधी म्हणून ग्रंथपाल.

फिरवायला वस्तू कुठली घ्यावी? कार्यशाळेत शंख होता. मला एकदम सुचलं, वादाचं मूळ रिमोट, तर रिमोटच फिरवावा. प्रतीकात्मक. मॅडमकडून तो तेवढ्यापुरता मागून घेतला, नवे सेलही तेवढ्यापुरते मी पदरचे घातले.

आधी मॅडम. रिमोट हातात येताच त्यांनी अठ्ठावीस केलं आणि बोलायला सुरुवात केली. बोलणं संपेपर्यंत रिमोट त्यांच्याकडे, हा नियम. मॅडम बोलणं संपवेनात. बालपण झालं, लहानपणचा दमा झाला, शेवाळावरचा प्रबंध पहिल्या प्रकरणापासून झाला. सरांचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी मॅडमना शिंक आली, तेवढ्यात सरांनी रिमोट उचलून अठरा केलं आणि सरासरी म्हणजे काय ते उदाहरणांसह सांगायला घेतलं. मॅडमनी स्वेटरवर स्वेटर चढवला. ग्रंथपाल मला सारखे खुणा करत होते. वस्तू हातात नसलेल्याला उत्तेजन देऊ नये म्हणून मी छताकडे बघत राहिलो. नंतर कळलं की त्यांना बाथरूमला जायचं होतं.

निष्कर्ष: तोंडं फिरवून बसणारी माणसं दुपारभर बोलली. अभूतपूर्व यश.

१९ ऑगस्ट
ग्रंथपाल रजेवर. योगायोग.

२१ ऑगस्ट
घरीही प्रयोग. विषय: पलंगावरचा ओला टॉवेल. वस्तू: उलथनं. हिने त्रास सांगितला, जरा जास्तच तपशिलात. मी समन्वयक म्हणून तटस्थ राहिलो. मुलगी म्हणाली की बाबा, टॉवेल तुमचाच आहे, मग तुम्ही तटस्थ कसे? मी म्हटलं की वस्तू हातात नसताना बोलू नये. तिने उलथनं उचललं, आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. आता नियमाने घरात कुणालाच बोलता येईना. हिने माझा नियम प्रथमच काटेकोर पाळला. सकाळपर्यंत पाळला.

२ सप्टेंबर
दुसरं सर्कल. रिमोटऐवजी डस्टर. प्रास्ताविक मीच केलं, म्हणून डस्टर माझ्याकडे. थोडं लांबलं. केंद्रामागची माझी भूमिका, माझी जडणघडण, माझा स्वभाव कसा ऐकून घेण्याचा आहे वगैरे. वर पाहिलं तर मॅडम आणि सर एकमेकांकडे बघत होते. कित्येक वर्षांनी नजरानजर! सरांनी घड्याळाकडे बोट केलं, मॅडमनी कपाळाला हात लावला. संवादाचा अंकुर.

संकल्प: पुढचं प्रास्ताविक आटोपशीर. (फिरायला जाणे पावसाळा संपल्यावर.)

१५ सप्टेंबर
केंद्राचा प्रभाव दिसू लागला आहे. कॅंटीनमध्ये बिस्किटांवरून दोन कारकुनांची जुंपली होती. मी तत्काळ दोन खुर्च्या उचलून धावलो. पोचेपर्यंत दोघांनी मिठी मारली होती आणि आमचं काहीच नाही हो, आम्ही सख्खे मित्र, असं दोघंही एकदम सांगत होते. एकाच्या डोळ्यात भीतीसारखं काहीतरी होतं. बहुधा आदर. खुर्च्या घेऊन परतलो.

६ ऑक्टोबर
धक्का. मॅडम आणि सर व्हरांड्यात उभं राहून चक्क हसत होते. खोदून विचारलं. मॅडम म्हणाल्या की आम्ही मिटवलं, सरांनी सेल दिले, मी रिमोट दिला, आता चोवीसवर असतो. सर म्हणाले की परत सर्कलला बसण्यापेक्षा थोडं उकडलेलं परवडलं.

परस्पर! प्रक्रिया नाही, प्रश्न नाहीत, वस्तू नाही! आणि कुलगुरू येणार तीन आठवड्यांनी. त्यांना दाखवू काय, चोवीस आकडा? तेवढ्यापुरता अबोला चालू ठेवा अशी हात जोडून विनंती केली. दोघांनीही नकार दिला. एकमताने.

फार वाईट वाटलं. आपल्याशिवाय लोकांचं भलं होतं हे पचवणं जड जातं.

१३ ऑक्टोबर
विचारांती: वरवरचा समेट हा समेट नव्हे. आतला संघर्ष दाबला गेला असेल तर त्याला वाचा फोडणं हे केंद्राचं कर्तव्यच. मॅडमच्या कानावर सहज घातलं की सर शेवाळाला चिखल म्हणतात. सरांना सांगितलं की मॅडमच्या मते तुमचा विषय कॅल्क्युलेटरही शिकवेल. जाताजाता एसी अठरावर केला.

हिला सांगितलं तर म्हणाली की याला कळ लावणं म्हणतात. हिने कार्यशाळा केलेली नाही.

१७ ऑक्टोबर
फलित! स्टाफरूममधून चढे आवाज. जिन्याखाली बसून समाधानाने ऐकले. थोड्या वेळाने आवाज एकदम बंद. मग दोघं बाहेर आली, माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि ग्रंथपालांकडे गेली. सर्कल मागायला जरा बुजत असावीत.

२७ ऑक्टोबर, रात्री
कुलगुरूंची भेट झाली.

मी पोचलो तेव्हा खिडकीवाल्या खोलीत खुर्च्या आधीच गोल मांडलेल्या. माझी जागाही ठरवलेली. पहिल्यांदा वाटलं, सत्कार आहे. कारण प्रत्येक जण माझ्याविषयीच बोलत होता. ग्रंथपाल बोलले, मॅडम बोलल्या, सर बोलले. कॅंटीनमधले ते दोन सख्खे मित्रही आले होते. काय घडलं, कुणाला काय त्रास झाला. शेवाळ, चिखल, कॅल्क्युलेटर, सगळं आलं. कुणी आवाज चढवला नाही. कुणी मध्ये बोललं नाही. मी दोनदा तोंड उघडलं, पण वस्तू माझ्याकडे नव्हती आणि नियम माझाच.

मग वस्तू माझ्या हातात आली. सगळे माझ्याकडे बघत होते. पूर्ण शांतता. आयुष्यभर याच क्षणाची वाट पाहिली होती. आणि काही म्हणजे काही सुचेना. लाज वाटली, खरंच वाटली. म्हटलं, चुकलं माझं. एवढंच. माझं आजवरचं सर्वांत लहान भाषण.

कुलगुरू उठून उभे राहिले. म्हणाले की इतकं नमुनेदार सर्कल पाहिलं नव्हतं, केंद्र आजपासून कायम. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी मॅडम आणि सरांचे हात हातात घेतले. संयुक्त समन्वयक. ग्रंथपाल सल्लागार.

आता काय केलं म्हणजे भरून निघेल, हा तिसरा प्रश्न राहिला होता. त्यावरही सर्वानुमते निर्णय झाला.

घरी आल्यावर हिने आधी तेच विचारलं, खोली मिळाली का. मिळाली म्हटलं. दर मंगळवारी, तीन ते चार, ऐकण्याच्या सरावासाठी. शेवटचं वाक्य मनातल्या मनात म्हटलं. ही इतकी खूश झाली की पुढचं सांगवेना. खिडकीतून काय काय दिसतं म्हणून विचारत होती.

माहीत नाही. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली आहे.